लाल फडक्यातले सुटे भाग

२ डिसेंबर, सोमवार

पोहोचलो एकदाचा शहाद्याला. हिंगोलीहून निघताना ममता म्हणाली होती, बावीस वर्षं पलटणीच्या बंदुका पुसल्या, आता पेन्शन घेऊनही बंदुकाच पुसायला निघालात, माझ्यापेक्षा त्या नळ्या नशीबवान. बाई बरोबर बोलत होती. हवालदार आर्मरर म्हणून निवृत्त झालो त्याला आठ महिने झाले. या आठ महिन्यांत घरातलं प्रत्येक कुलूप, मिक्सर आणि तिचं शिलाई मशीन मी खोलून पुन्हा जोडलं. शेवटी कंटाळून या नोकरीचा अर्ज तिनेच भरायला लावला.

दुकानाचे मालक हेमकांत स्टँडवर घ्यायला आले होते. पस्तिशीचे, गोल चेहऱ्याचे, सतत फोन कानाला. दुकानाच्या पुढच्या भागात पाण्याच्या मोटारी आणि ठिबकचं सामान, मागच्या भागात बंदूक दुरुस्ती. दुरुस्तीचं काम त्यांच्या वडिलांचं, नथ्थू मिस्त्रींचं. ते गेल्या वर्षी वारले. आपल्याला बंदुकीतलं ओ की ठो कळत नाही, हे हेमकांतनी स्वतःच हसत सांगितलं. त्यांना कारागीर हवा होता आणि मला बाक.

बाक मात्र बघत राहावा असा आहे. सागवानी, हात लागून लागून गुळगुळीत झालेला. कानशी मापाप्रमाणे ओळीत, प्रत्येकीला तिची खाच. लोखंड धरायच्या शिकंज्याला तेल पाजलेलं. ज्या माणसाने हे मांडलं त्याच्या हाताखाली काम करायला मला आवडलं असतं. आमच्या पलटणीतल्या पोरांना दाखवायला मी दोन फोटो काढून पाठवले.

हेमकांतच्या आई, धनुबाई, दुकानामागच्या घरात राहतात. जेवायला कळण्याची भाकर, वांग्याचं भरीत आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा. मी दुसऱ्या भाकरीला नको म्हणालो तर म्हणाल्या, "पोटभरी जेव रे भाऊ, आठे लाजानं काम नही." अहिराणी कानाला गोड लागते, निम्मी कळते. दुकानात मात्र त्या पाऊल टाकत नाहीत. चहा मागच्या उंबऱ्यावर ठेवतात आणि तिथूनच हाक मारतात. असेल काही घरची रीत.

राहायला वरची खोली आहे, खिडकी पूर्वेला. इथे मन लागेल असं वाटतंय.

५ डिसेंबर, गुरुवार

काम बघून जीव हरखला आणि दडपलाही. निवडणुकीआधी सगळ्या परवानाधारकांनी बंदुका ठाण्यात जमा केल्या होत्या, त्या आता परत मिळाल्या आणि एकजात आमच्या बाकावर येऊन पडल्या. बहुतेक शेतसंरक्षणाच्या परवान्यावरच्या. ऊस, केळी, पपई, सगळीकडे रानडुकरांचा धुमाकूळ. वनखात्याची परवानगी काढायची आणि बार करायचा, असा इथला रिवाज.

पण लोक बंदुकीला काय वागवतात! एकाने नळीत खोबरेल ओतलं होतं, ते थिजून बूच बसलेलं. एकाने बंदूक गव्हाच्या कोठीत पुरून ठेवली होती, चापातून गहू निघाले. एका महाभागाने दस्ता फुटला म्हणून सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती आणि वर मला विचारतो, चालंल का. पलटणीत असता तर त्याला मी मैदानाला वीस फेऱ्या मारायला लावल्या असत्या.

प्रकाशा गावचे ईश्वर पाटील आज तासभर गप्पा मारत बसले. साठीचे, पांढरी टोपी, खिशात कायम बडीशेप. तापीकाठी त्यांची पपईची बाग आहे. त्यांच्या एकनळीची कमान मोडलीय, म्हणजे घोड्याला रेटा देणारी स्प्रिंग. ते म्हणाले, डुकरं आता मला ओळखतात, बंदूक उचलली की हसतात. असा माणूस गिऱ्हाईक म्हणून लाभला की दिवस बरा जातो.

अडचण एकच, सुटे भाग. या जुन्या बंदुकांचे भाग आता कोणी बनवत नाही. घडवायला बसलो तर एकेकाला आठवडा. पलटणीत आमची पद्धत सोपी होती. बाद झालेलं हत्यार उघडायचं, त्यातलं चांगलं ते काढून चालत्या हत्यारात बसवायचं. शोधता शोधता बाकाखालच्या फळीवर, अगदी मागे, तुपाचा जुना डबा सापडला. आत लाल फडकं, त्याला सात गाठी. पाच सुटल्या, दोन कापाव्या लागल्या. आत एका दुनळी बंदुकीची सगळी आतडी: दोन घोडे, कमानी, ठोकण्या, चाप. नळ्या आणि दस्ता नाही. तेलात ठेवलेलं, गंजाचा ठिपकासुद्धा नाही. मी खरोखर टाळी वाजवली.

हेमकांतना विचारलं. फोनवर हात ठेवून ते म्हणाले, बाबांचं भंगार असेल, जे उपयोगी पडेल ते लावून टाका.

९ डिसेंबर, सोमवार

दोन बंदुका मार्गी लागल्या. हिलाल नावाच्या शेतकऱ्याच्या दुनळीचा उजवा घोडा तुटला होता, त्याला डब्यातला घोडा जरा कानस मारून बसवला. ईश्वरभाऊंच्या एकनळीत डब्यातली कमान. मूळच्या मापाचीच असावी अशी बसली.

गावाबाहेर बंद पडलेल्या वीटभट्टीचा खड्डा आहे, तिथे दुरुस्तीनंतरचे बार करून बघतो. हिलालची दुनळी खांद्याला लावली तर खड्ड्याच्या पलीकडे, बांधावर, डुक्कर उभं. भरदुपारी, उघड्यावर. चांगलं मोठं, पाठीवरचे केस ताठ. ते पळेना. माझ्याकडे तोंड करून थांबलं होतं, काहीतरी बोलायच्या बेतात असल्यासारखं. डुकरावर बार करायची परवानगी आपल्याला नाही, म्हणून मी बंदूक खाली घेतली. खाली घेतल्यावर बघतो तर तिथे एक बाई, डोक्यावर गवताचा भारा. मला बघून ती घाबरून दुसऱ्या वाटेने गेली.

उन्हाची तिरीप असणार. चाळिशीचा चष्मा बदलायला झालाय, डॉक्टरकडे जायला हवं. पण चापावर बोट होतं माझं.

१२ डिसेंबर, गुरुवार

हिलाल बंदूक घेऊन गेला. लोणखेड्याच्या पुढे त्याची शेती. बुटका, लाजरा माणूस, सोबत बायको तापीबाई. बोलायचं काम तिच्याकडे. बंदूक नीट झाली का, परत तर नाही ना मोडणार, असं तिनेच मला खोदून खोदून विचारलं, आणि मग तिने स्वतःच्या जुन्या लुगड्याच्या धडप्यात ती बंदूक लेकराला गुंडाळतात तशी गुंडाळली. हिलाल नुसता हसत होता. जाताना तिने मला पिशवीतून चार मक्याची कणसं काढून दिली.

ईश्वरभाऊंनीही काल त्यांची नेली. रोज सकाळी एकेक गिऱ्हाईक समाधानाने जातंय. मिस्त्रींच्या जागेवर बसायची लायकी आपल्यात आहे, असं आज पहिल्यांदा वाटलं.

१६ डिसेंबर, सोमवार

तापीबाई गेली.

परवापासून सारंगखेड्याच्या यात्रेमुळे दुकान बंद होतं. बातमी आज सकाळी कळली. काल दुपारी तीन वाजता हिलाल कापसात होता. तापीबाई चहाची किटली घेऊन बांधावरून येत होती. त्याने तीस पावलांवरून बार केला.

ठाण्यातून बोलावणं आलं. बंदूक तपासून तिची अवस्था लिहून द्यायची होती, जिल्ह्यात दुसरा कारागीर नाही. हिलाल कोपऱ्यात जमिनीवर बसला होता. मला बघून त्याने माझे पाय धरले. "माले डुक्कर दिखनं भाऊ, मन्हा पोऱ्यास्नी शप्पत, डुक्करच व्हतं ते!" ठाण्याचे साहेब म्हणाले, गेल्या महिन्यात नवरा-बायकोचं भांडण झालं होतं म्हणे, शेजारी सांगतात. दिवसाढवळ्या, लाल लुगडं नेसलेली बायको, आणि हा म्हणतो डुक्कर.

मी बंदूक उचलली. घोडा ताणला, चाप बघितला, सवयीने खांद्याला लावून खिडकीकडे नळी केली. खिडकीशी खुर्ची होती. खुर्चीत डुक्कर बसलं होतं.

बसलं होतं. टेबलावर पुढचे पाय. माझ्याकडेच बघत होतं, तसंच, बोलायच्या बेतात.

बंदूक टेबलावर ठेवली. खुर्चीत हवालदार होते, मला विचारत होते की पाणी हवं का.

मी लिहून दिलं: शस्त्र सुस्थितीत, चाप व घोडा योग्य, आपोआप उडण्याची शक्यता नाही. खाली सही. त्यातला शब्दन् शब्द खरा आहे. हिलाल माझ्याकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे न बघता बाहेर आलो. घोडा बदललाय हे सांगितलं नाही. माझ्या हातचं काम होतं, माझं नाव जाईल, एवढंच डोक्यात होतं. लाज वाटते लिहायला, पण असंच झालं.

१७ डिसेंबर, मंगळवार

डब्यातला दुसरा घोडा सकाळी मुठीत घेतला आणि दुकानाच्या दारातून रस्त्याकडे पाहिलं. नुसता लोखंडाचा तुकडा मुठीत. शाळेच्या मुली चालल्या होत्या, मुलीच दिसल्या. मग तो एका जुन्या, रिकाम्या, नळीत काडतूस नाही, अशा बंदुकीला लावला आणि ती खांद्याला घेऊन परत दारात आलो.

पुन्हा लावणार नाही.

धनुबाईंना विचारायला मागच्या घरात गेलो. लाल फडक्याचं नाव काढलं तर त्यांच्या हातातली परात खाली पडली. "तू ते सोडं? कोनले लावं?" मी सांगितलं. त्या भिंतीला टेकून खाली बसल्या, आणि मग हळूहळू सगळं बोलल्या. जसं कळलं तसं लिहितो.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. ब्राह्मणपुरीचा करणसिंग, मोठा बागायतदार. त्याच्या शेतात सातपुड्यातून ऊसतोडीला टोळी आली होती. तिच्यात रूपलीबाई नावाची बाई. करणसिंगने तिच्या नवऱ्यावर काठी उगारली, तर तिने सगळ्या टोळीसमोर ती काठी हिसकावून दूर फेकली. दुसऱ्या दिवशी ती शेळीसाठी उसाचे वाढे गोळा करत होती. करणसिंगने दुनळीचे दोन्ही बार तिच्यावर केले. पहिला लागल्यावर ती ओरडली होती, मी आहे, मी आहे, असं. त्यानंतर दुसरा.

सगळ्यांना त्याने सांगितलं की डुक्कर वाटलं. टोळीला त्याच दिवशी ट्रकमध्ये घालून डोंगरात परत पाठवलं. बंदूक नथ्थू मिस्त्रींकडे आणली, कायमची मोडून टाका म्हणाला, आणि दारूच्या भरात खरं काय ते त्यांना सांगूनही बसला. मिस्त्रींनी नळ्या कापल्या, दस्ता जाळला, आणि तोंड बंद ठेवलं. जुना संबंध, मोठा माणूस. आतलं सामान उघडायला बसले तेव्हा धनुबाई चहा घेऊन दुकानात गेल्या. मिस्त्रींनी त्यांच्याकडे बघून किंकाळी फोडली आणि हातोडा फेकून मारला. धनुबाईंनी पदर सारून कपाळावरची खूण दाखवली.

तेव्हापासून त्या दुकानात जात नाहीत. मिस्त्रींनी सात गाठी मारल्या आणि परत त्या बंदुकीचं नाव काढलं नाही. मी विचारलं, तापीत का नाही टाकलं? त्या म्हणाल्या, ते म्हणत, आपण गप्प राहिलो, आता ते आपल्याच घरात राहणार.

करणसिंग खोटं बोलला होता. आता ते लोखंड ज्याच्या बंदुकीत जाईल त्याच्या डोळ्यांना ते खरंच दिसतं. मी हे लिहितोय, मी, बावीस वर्षं स्क्रू मोजणारा माणूस.

एक कमान ईश्वरभाऊंकडे आहे.

१८ डिसेंबर, बुधवार

सकाळी सातला ईश्वरभाऊंना फोन केला. कमान कच्ची निघाली, बंदूक वापरू नका, मी घ्यायला येतो, असं म्हणालो. ते मोठ्याने हसले. बार एकदम कडक बसतोय, हात लावू देणार नाही म्हणाले. मग म्हणाले, हल्ली डुकरं दिवसाच येतात, कळपानं. परवा दहा-बारा एकदम, पपईच्या ओळीत. दोनदा बार केला, दोन्ही चुकले. आणि गंमत म्हणे अशी की मजूर बायकांना ती दिसत नाहीत, त्या म्हणतात भाऊंना म्हातारचळ लागला.

मी विचारलं, बायका किती आहेत तोडणीला. म्हणाले, दहा-बारा.

फोन माझ्या हातातून सुटला.

दुपारी प्रकाशाला गेलो. घराला कुलूप. शेजारच्यांनी सांगितलं, आत्ताच सगळे सुरतेला लग्नाला गेले, रविवारी येतील. बंदूक कपाटात बंद. चार दिवस मिळाले. तिथेच ओट्यावर बसून मी रडलो, कोणी बघितलं असेल तर बघो.

१९ डिसेंबर, गुरुवार

हेमकांतना सगळं सांगितलं. हसले, मग हसायचे थांबले. म्हणाले, आईचं वय झालंय, तुम्ही तरी. मी म्हणालो, ठाण्यात जातो, घोडा मी बदलला होता एवढं तरी सांगतो, हिलालच्या वकिलाला उपयोग होईल. त्यावर ते शांतपणे म्हणाले की सुस्थितीत आहे असं सही करून तुम्हीच दिलंय. आता उलट बोललात तर तुम्ही आत, दुकान बंद, आणि हिलाल सुटणार नाहीच, कारण घोडा बदलल्याने माणसाचं डुक्कर होतं हे कोणता न्यायाधीश ऐकणार?

मी बाकावर परत कामाला बसलो.

दुपारी एक गिऱ्हाईक आलं. उंच, पिळदार मिशा, नवी कोरी दुनळी तेलपाण्याला. परवान्यावर नाव वाचलं, करणसिंग. हेमकांतनी खुर्ची दिली, चहा मागवला. हिलालचा विषय निघाला तर पान चघळत म्हणाला, "व्हई जास भाऊ असं. डुक्करच वाटस." आणि हसला. माझ्या हातात कानस होती. ती मी बाकावर ठेवली, खाचेत, जागेवर. बंदुकीला तेल दिलं, पुसली, दिली. एक शब्द बोललो नाही.

मिस्त्री असेच गप्प बसले होते. याच बाकावर.

२१ डिसेंबर, शनिवार

झोप नाही. ममताचा फोन, आवाजावरून तिने ओळखलं. मी सांगितलं नाही. ती म्हणाली, काही चुकलं असेल तर कबूल करून मोकळे व्हा आणि घरी या, उपाशी नाही मरत आपण.

डबा, फडकं, उरलेलं सगळं सामान घेऊन वीटभट्टीवर गेलो. घणाने तुकडे केले. खड्ड्यात पुरले. तेवढं तरी.

दोन तुकडे बाहेर आहेत. एक ठाण्यात, सीलबंद. एक —

२२ डिसेंबर, रविवार

ईश्वरभाऊ आले. फोन लागला. मी ओरडून म्हणालो, बंदूक उचलू नका, मी येतोय. ते म्हणाले, प्रवासाने दमलोय, उद्या या, दुपारी बारा-साडेबाराला बागेतच भेटू, पपया खाऊ. सकाळी तोडणी आहे म्हणाले. बायका आठलाच येणार.

पुढचं बोलायच्या आत ठेवला. परत लावला. उचलत नाहीत.

रात्र झाली, प्रकाशाला जायला आत्ता गाडी नाही. हेमकांत मोटारसायकल देत नाहीत. उद्या पहिली गाडी.

घोडा बदलल्याचं, सहीचं, डब्याचं, सगळं एका कागदावर लिहिलं. तापीबाईचं नाव लिहिताना पेन अडलं. ईश्वरभाऊंकडची कमान काढली की तो कागद घेऊन सरळ ठाण्यात. वेडा म्हणोत, आत टाकोत.

२३ डिसेंबर, सोमवार. सकाळी सव्वानऊ

ईश्वरभाऊंच्या बागेत आहे. ते अजून आलेले नाहीत. बायका अकरा. मी त्यांना सांगितलं, जा, आत्ताच्या आत्ता, बागेबाहेर. ऐकेनात. कोण हा, म्हणाल्या. मग मी आरडाओरडा केला, बांबू उचलला, शिव्या दिल्या. आयुष्यात बायांवर हात उगारला नव्हता. घाबरल्या. टोपल्या टाकून गेल्या. लांब, पार रस्त्यापर्यंत. मी मोजल्या, अकरा.

बरं झालं.

साडेदहा

पाण्याच्या मोटारीच्या झोपडीपाशी बसलोय. झोपडी म्हणजे चार बांबू आणि हिरवी जाळी. पाणी चालू आहे, त्याचा मोठा आवाज. ईश्वरभाऊ आले की आधी बंदूक हातातून घ्यायची. मग सगळं सांगायचं. खिशात चांगली कमान आहे, रात्रभर बसून घडवली.

पावणेअकरा

त्यांचा फोन आला. कुजबुजत होते. मी हॅलो म्हणायच्या आत — म्हणाले, अजितभाऊ, मी लवकरच आलो, मागच्या बांधाने. कळप आज नाही. एकच शे. भलं मोठं. मोटारीच्या झोपडीपाशी बसेल शे, हलत नही.

मी ओरडलो, मी आहे तो. फोन ठेवला होता.

लावला. कट केला त्यांनी. परत लावला. कट. रिंग वाजली तर डुक्कर पळेल म्हणून —

हाका मारल्या. पाण्याचा आवाज. मोटारीचं बटण त्या टोकाला, खांबावर.

ते कुठे आहेत दिसत नाही. सगळीकडे पपईची खोडं. पळालो तर बार करतील. उभा राहिलो तर — पेनाचाच हात हलतोय —

बायका रस्त्यावर आहेत. अकरा. ते चांगलं झालं.

हे ज्याला मिळेल त्याने ठाण्यात द्यावं. हिलाल खोटं बोलला नाही. मी सही केली. त्याला खरंच डुक्कर दिसलं होतं. कमान मी बसवली. ईश्वरभाऊंनी मला मारलं नाही. त्यांच्यावर कोणी — त्यांनाही खरंच —

डाव्या ओळीत पांढरी टोपी. बसलेत. नळी

भाऊ मी आ